आवाज दूर नेणारे नानिक मोटवाने आणि आमच्या ॲम्पमधला लाल झालेला व्हॉल्व्ह

पेठला मामांच्या घरी फळीवर एक जुनं मल्टिमीटर पडून होतं. काळी पेटी, काचेखाली बारीक काटा आणि तबकडीवर छापलेलं नाव, मोटवाने. मामा आयटीआय करून रेडिओ-टीव्ही दुरुस्त करायचे, त्या काळातलं. मी सॉफ्टवेअरवाला. माझी सगळी मापं स्क्रीनवर आकड्यांत येतात, त्यामुळे काट्याच्या मीटरकडे मी कधी ढुंकूनही पाहिलं नव्हतं.

गेल्या पावसाळ्यात मामेभावाच्या गिटारसाठी आम्ही दोघांनी व्हॉल्व्हचा एक छोटा ॲम्प्लिफायर बांधला आणि ते मीटर खाली काढावं लागलं. ॲम्प संध्याकाळी मस्त वाजायचा, पण रात्री अकरानंतर आवाज फाटायला लागायचा. एके रात्री खोलीतला दिवा घालवला तेव्हा दिसलं, की व्हॉल्व्हच्या काचेआड जी पत्र्याची प्लेट असते ती मधोमध लालसर झाली आहे. फिलामेंटचा केशरी उजेड नेहमीचा असतो, पण प्लेट लाल होणं म्हणजे धोक्याची घंटा.

मीटर पुसताना सहज ते नाव नीट वाचलं. मोटवाने मीटर नाशिकरोडला बनतात, म्हणजे आमच्याच जिल्ह्यात, हे मामांनी सांगितलं. मग मी त्या नावाच्या मागे लागलो आणि नानिक मोटवाने या माणसापर्यंत पोचलो. गांधीजींच्या आणि नेहरूंच्या जुन्या फोटोंत समोरच्या माइकवर शिकागो अशी पाटी दिसते ना, ती यांच्या कंपनीची. आज त्यांचीच गोष्ट सांगतो. आणि त्यांच्या यंत्रांच्या पोटात काय चालायचं तेही सांगतो, कारण आमचा बिघडलेला ॲम्प आणि त्यांचे मैदान दणाणून सोडणारे ॲम्प एकाच तत्त्वावर चालतात.

सिंधमधून मुंबईत

गोष्ट सुरू होते सिंधमधल्या सक्करला. नानिक यांचे वडील ज्ञानचंद मोटवाने यांनी १९०९ मध्ये तिथे विजेच्या आणि टेलिफोनच्या सामानाचा व्यवसाय सुरू केला. तेव्हा आपल्याकडे बहुतेक गावांनी विजेचा दिवाही पाहिला नव्हता. व्यवसाय पुढे कराचीला गेला आणि मग मुंबईला आला. कंपनीचं नाव झालं शिकागो टेलिफोन सप्लाय कंपनी, आणि रेडिओचा जमाना आल्यावर शिकागो टेलिफोन अँड रेडिओ कंपनी. नाव अमेरिकन, मालक सिंधी, पेढी मुंबईची.

नानिक या पेढीत वाढले. तो काळ त्यांच्यासारख्या तरुणाला अगदी योग्य होता. १९०६ मध्ये अमेरिकेत ली डी फॉरेस्ट यांनी तीन भागांचा व्हॉल्व्ह बनवला होता आणि त्यातून पुढे ॲम्प्लिफायर जन्माला आला. जुलै १९२७ मध्ये मुंबईत रेडिओ केंद्र सुरू झालं. आपल्यासाठी आज एआय जसं नवं आहे, तसा त्या पिढीसाठी इलेक्ट्रॉनिक्स हा शब्दच नवा होता. अशी यंत्रं विकणाऱ्याला ती उघडून समजून घ्यावीच लागायची, कारण दुरुस्तीला पाठवायला दुसरं कोणी नव्हतं.

गांधीजींचा आवाज मागच्या रांगेत पोचत नव्हता

गांधीजींचा आवाज बारीक होता. सभेला माणसं हजारोंनी यायची, पण ऐकू यायचं फक्त पुढच्यांना. मागचे लोक दर्शन घेऊन परत जायचे. काही सभांत मैदानात वेगवेगळ्या ठिकाणी मंच उभारून गांधीजींना एका मंचावरून दुसऱ्यावर न्यावं लागायचं. १९२९-३० च्या सुमाराला असं एक दृश्य नानिक यांनी पाहिलं आणि आपल्या दुकानातल्या यंत्रांनी हे काम होऊ शकतं हे त्यांच्या लक्षात आलं, असं सांगतात.

१९३१ च्या कराची काँग्रेस अधिवेशनात शिकागो रेडिओचे लाऊडस्पीकर लागले. तिथून पुढे अधिवेशनं आणि सभा म्हटल्या की मोटवाने यांची माणसं माइक, ॲम्प्लिफायर, वायरींची भेंडोळी आणि कर्णे घेऊन हजर असायची. सुरुवातीची अनेक वर्षं नानिक यांनी या कामाचे पैसे घेतले नाहीत. माइकवर मात्र कंपनीचं नाव ठसठशीत असायचं. देशसेवा होत होती आणि जाहिरातही होत होती, दोन्ही खरं आहे. त्यामुळे त्यांचं मोठेपण कमी होतं असं मला तरी वाटत नाही.

आता जरा विचार करा. लाखभर माणूस शांत बसलं आहे, वक्ता माइकपाशी येतो, आणि यंत्र बंद पडलं तर? ही जबाबदारी वक्त्याची नाही, मंचामागे बसलेल्या माणसाची. ती कशी पार पाडायची, हे कळायला व्हॉल्व्हच्या आत डोकवावं लागेल.

व्हॉल्व्हमध्ये काय असतं?

माइकमधून किंवा गिटारच्या पिकअपमधून निघणारा सिग्नल अगदी क्षीण असतो, काही मिलिव्होल्टपासून फार तर काहीशे मिलिव्होल्ट. तेवढ्यावर कर्णा हलणार नाही. म्हणून हा छोटा सिग्नल वापरून मोठा प्रवाह कमी-जास्त करायचा असतो. शेतातल्या पाइपलाइनचा व्हॉल्व्ह आठवा. चाक फिरवायला बोटांची ताकद पुरते, पण त्याने अडतो किंवा सुटतो तो पाण्याचा मोठा लोंढा. इंग्रजांनी या काचेच्या नळीला नावही व्हॉल्व्ह असंच दिलं.

आत मुख्य भाग तीन. कॅथोड तापला की त्यातून इलेक्ट्रॉन बाहेर पडतात. प्लेटवर मोठं पॉझिटिव्ह व्होल्टेज दिलेलं असतं, ती इलेक्ट्रॉन ओढून घेते. या दोघांच्या मध्ये तारेची जाळी असते, तिला ग्रिड म्हणतात. ग्रिड कॅथोडच्या मानाने जितकी निगेटिव्ह, तितके कमी इलेक्ट्रॉन पलीकडे जातात. आवाजाचा सिग्नल या ग्रिडवर येतो आणि प्लेटचा मोठा प्रवाह त्याच तालावर हलू लागतो.

प्लेट व्होल्टेज म्हणजे पाइपलाइनच्या मागचा दाब. लहान गिटार ॲम्पमध्येही हे ३०० ते ३५० व्होल्ट डीसी असतं.

बायस म्हणजे कोणी काहीच बोलत किंवा वाजवत नसताना चाक किती उघडं ठेवायचं ते. फार बंद ठेवलं तर बारीक आवाज कापले जातात आणि स्वर खरखरीत होतो. फार उघडं ठेवलं तर शांत बसलेल्या व्हॉल्व्हमधूनही भरमसाट प्रवाह वाहतो, प्लेट तापून लाल होते आणि व्हॉल्व्ह लवकर मरतो.

माझ्या दृष्टीने नानिक यांच्या कामाचं मर्म इथेच आहे. टाळ्या वाजायच्या आधी, शांततेतच यंत्र मापात बसवलेलं असावं लागतं. भाषण सुरू झाल्यावर वेळ मिळत नाही.

आम्ही मोजलं कसं?

आमच्या ॲम्पमध्ये शेवटचा व्हॉल्व्ह ६व्ही६ जातीचा आहे. १९३१ मध्ये तो बाजारात आलाही नव्हता, पण मोजायची रीत तीच.

आधी सुरक्षेचं. हे यूट्यूब बघत एका हातात फोन धरून करायचं काम नाही. ३०० व्होल्ट डीसी जीव घेऊ शकतं. प्लग काढल्यावरही आतले मोठे कपॅसिटर भरलेले राहतात.

- आधी कधी केलं नसेल तर जाणकार माणूस शेजारी हवाच. आमच्याकडे मामा होते.
- ॲम्पला तीन पिनांचा प्लग आणि नीट अर्थिंग हवं. चासी अर्थिंगला जोडलेली आहे याची खात्री करा.
- स्पीकर जोडल्याशिवाय व्हॉल्व्ह ॲम्प चालू करू नका, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो.
- मीटरची वायर आणि प्रोब ६०० व्होल्टच्या वरचे हवेत. रेंज सगळ्यात मोठी लावून सुरुवात करा.
- ॲम्प बंद असतानाच काळी क्लिप चासीला लावा. चालू केल्यावर एकाच हाताने लाल प्रोब टेकवा, दुसरा हात खिशात.
- काम झालं की प्लग काढा, इन्सुलेशन असलेल्या क्लिपच्या वायरने मोठ्या वॅटचा रेझिस्टर लावून कपॅसिटर रिकामे करा, आणि ते रिकामे झाले हे मीटरने बघितल्याशिवाय आत बोट घालू नका.

आमचा ॲम्प कॅथोड बायस पद्धतीचा आहे. म्हणजे कॅथोड आणि चासी यांच्यात एक रेझिस्टर असतो, आमचा ४७० ओहमचा होता. प्रवाह त्यातून जातो तेव्हा कॅथोड काही व्होल्ट वर उचलला जातो आणि ग्रिड त्याच्या मानाने आपोआप निगेटिव्ह होते. प्रवाह मोजायला तार तोडावी लागत नाही. या रेझिस्टरवरचं व्होल्टेज मोजायचं आणि ओहमने भागायचं, झालं.

संध्याकाळी सातला घरातल्या प्लगला २१० व्होल्ट होते. प्लेटवर २९८, कॅथोडवर १७.४. भागाकार केला, ३७ मिलिअँपिअर. यातला थोडा प्रवाह स्क्रीन नावाच्या दुसऱ्या एका जाळीत जातो, तो वजा केला की प्लेटला उरले साधारण ३५. प्लेट आणि कॅथोड यांच्यातला फरक सुमारे २८०. गुणाकार केला, जवळजवळ ९.८ वॅट. ६व्ही६ च्या जुन्या डेटाशीटमध्ये प्लेटची मर्यादा १२ वॅट दिली आहे. म्हणजे सगळं ठीक.

मग रात्री अकराला मोजलं. गावातले पंखे, मोटारी, दिवे बंद झाल्यावर लोड कमी होतो आणि व्होल्टेज चढतं. प्लगला २४८ निघाले. प्लेटवर ३५२, कॅथोडवर २१. म्हणजे प्रवाह जवळपास ४५ मिलिअँपिअर, स्क्रीनचा वाटा काढून ४२. प्लेटवर खर्च होणारी शक्ती १४ वॅटच्या घरात. चोर सापडला! ॲम्प तोच, व्हॉल्व्ह तोच, पण रात्री दाब वाढल्याने तो मर्यादेबाहेर जात होता. आम्ही त्याला फक्त संध्याकाळी तपासलं होतं. चूक आमची.

इथे मला नानिक यांच्या माणसांचं कौतुक वाटलं. आज हे शहर, उद्या ते गाव, कुठे कसली वीज मिळेल याचा भरवसा नाही, कुठे वीजच नाही. एका जागी नीट चाललेलं यंत्र दुसऱ्या जागी तसंच चालेल असं धरून चालणं त्यांना परवडणारं नव्हतं.

१९४२: आवाज लपवून न्यायचा होता

आता गोष्टीतला सगळ्यात अवघड भाग. ऐ वतन मेरे वतन हा सिनेमा तुमच्यापैकी काहींनी पाहिला असेल. तो उषा मेहता यांच्यावर आहे. ऑगस्ट १९४२ मध्ये गवालिया टँक मैदानावर भारत छोडोचा ठराव झाला, दुसऱ्या दिवशी पहाटे नेते तुरुंगात गेले आणि वर्तमानपत्रांवर बंधनं आली. तेव्हा मुंबईतल्या काही तरुणांनी गुप्त रेडिओ चालवायचं ठरवलं. उषा मेहता तेव्हा २२ वर्षांच्या होत्या.

२७ ऑगस्ट १९४२ ला काँग्रेस रेडिओचं प्रसारण सुरू झालं, ४२.३४ मीटरवर. आजच्या भाषेत सुमारे ७.०८ मेगाहर्ट्झ. ट्रान्समीटर नरिमन प्रिंटर या तंत्रज्ञाने उभा केला होता. आणि लागणारं सामान आणि तंत्रज्ञ पुरवणाऱ्यांत होते शिकागो रेडिओचे नानिक मोटवाने.

याचा अर्थ काय होता ते लक्षात घ्या. युद्ध सुरू झाल्यावर १९३९ मध्येच सरकारने हौशी रेडिओवाल्यांचे परवाने रद्द केले होते. विनापरवाना ट्रान्समीटर चालवणं हा गुन्हा होता. घर सोडून भूमिगत झालेल्या कार्यकर्त्याला पळता येतं. पण ज्याचं दुकान आहे, नोकर आहेत, हिशेबाच्या वह्या आहेत आणि ज्याचं नाव प्रत्येक माइकवर कोरलेलं आहे, तो कुठे पळणार? आजवर त्यांचं काम सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होतं. आता तेच काम अंधारात करायचं होतं.

तंत्राच्या बाजूनेही ट्रान्समीटर हा ॲम्प्लिफायरचाच भाऊ. त्यातही व्हॉल्व्ह, प्लेट व्होल्टेज आणि बायस. फरक असा, की ट्रान्समीटरच्या शेवटच्या व्हॉल्व्हला साधारणपणे इतका निगेटिव्ह बायस देतात की सिग्नल नसताना तो पूर्ण बंदच राहतो, आणि प्रत्येक लहरीच्या माथ्यावर क्षणभर उघडतो. त्यामुळे कमी उष्णतेत जास्त शक्ती बाहेर पडते.

या रेडिओवरून वर्तमानपत्रांत न येणाऱ्या बातम्या जायच्या. चिमूरमध्ये आणि आपल्या वर्धा जिल्ह्यातल्या आष्टीत काय घडलं, हेही त्यावरून लोकांना कळलं. पोलीस यंत्रं लावून लहरी कुठून येतात ते शोधत होते, म्हणून जागा पुन्हा पुन्हा बदलावी लागे. शेवटी नरिमन प्रिंटर पोलिसांच्या हाती लागले, त्यांच्याकडून ठिकाण कळलं आणि १२ नोव्हेंबर १९४२ ला गिरगावात छापा पडला. रेडिओ तीन महिनेही चालला नव्हता.

नानिक यांनाही अटक झाली. विशेष न्यायालयात पाच जणांवर खटला चालला. १९४३ मध्ये निकाल लागला तेव्हा बाबूभाई खाकर यांना पाच वर्षं, उषा मेहता यांना चार वर्षं आणि चंद्रकांत झवेरी यांना एक वर्षाची शिक्षा झाली. विठ्ठलदास झवेरी आणि नानिक मोटवाने निर्दोष सुटले. उषा मेहता येरवड्याच्या तुरुंगातून १९४६ मध्ये बाहेर आल्या, आणि देशाने त्यांना १९९८ मध्ये पद्मविभूषण दिलं. यंत्रं पुरवणाऱ्याचं नाव मात्र बहुतेकांना माहीत नसतं.

स्वातंत्र्यानंतर

सुटल्यावर नानिक पुन्हा आपल्या कामाला लागले. स्वातंत्र्यानंतर नेहरूंच्या सभांतही शिकागोचे माइक दिसतात. नानिक यांनी आणखी एक मोलाची गोष्ट केली. लाऊडस्पीकर लावता लावता त्यांनी भाषणांची ध्वनिमुद्रणं केली आणि फोटो, फिल्म जमवून जपल्या. आवाज मागच्या रांगेपर्यंत नेणाऱ्याला तो पुढच्या पिढीपर्यंतही न्यावासा वाटला. आज आपण प्रत्येक भाषण फोनवर रेकॉर्ड करतो. तेव्हा त्यासाठी अवजड यंत्रं, महागडं सामान आणि खूप चिकाटी लागायची.

हळूहळू व्हॉल्व्ह गेले, ट्रान्झिस्टर आले. नानिक यांना जाऊनही आता अर्धशतक उलटलं. मोटवाने हे नाव आमच्या भागात उरलं ते मीटरवर. नाशिक जिल्ह्यातल्या किती आयटीआय आणि पॉलिटेक्निकच्या मुलांनी पहिलं व्होल्टेज या नावाखालच्या काट्यावर वाचलं असेल!

पुन्हा पेठला

आमच्या ॲम्पचं काय झालं ते सांगायचं राहिलं. आम्ही ४७० ओहमचा रेझिस्टर काढून ६८० ओहमचा, पाच वॅटचा बसवला. रेझिस्टर मोठा केला की कॅथोड जास्त वर उचलला जातो, ग्रिड जास्त निगेटिव्ह होते आणि प्रवाह घटतो. रात्री अकराला पुन्हा मोजलं. प्लेटवर ३६०, कॅथोडवर २४. प्रवाह ३५ मिलिअँपिअर, स्क्रीनचा वाटा काढून प्लेटची शक्ती साधारण ११ वॅट. मर्यादेच्या आत. प्लेट व्होल्टेज थोडं वाढलेलं दिसलं त्याचं नवल नाही, प्रवाह कमी ओढला की ते चढतं. म्हणूनच दोन्ही मापं नेहमी जोडीने घ्यायची. नुसत्या एकावरून काही कळत नाही.

दिवा घालवून आम्ही तिघं काचेकडे बघत बसलो. फिलामेंटचा बारीक केशरी उजेड तेवढा दिसत होता, प्लेट काळीच्या काळी. बाहेर पाऊस कोसळत होता. मामांनी खूण केली तसा मामेभावाने पहिला कॉर्ड वाजवला. आवाज स्वच्छ आला.

मीटर आता फळीवर नाही, टेबलावर असतं. सकाळी, संध्याकाळी आणि मध्यरात्री घेतलेली मापं लिहायला आम्ही त्याच्याशेजारी एक वही ठेवली आहे.